बेरीज 100 आली म्हणून लगेच सही करू नका: गॅस क्रोमॅटोग्राफीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका

गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे वायूतले घटक वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण मोजणं. नैसर्गिक वायूच्या रिपोर्टात घटकांची बेरीज 100.00 टक्के दिसली की नवा केमिस्ट निर्धास्त होतो. पण नॉर्मलायझेशन (सगळे आकडे एकाच प्रमाणात ताणून बेरीज 100 करणं) चालू असेल तर ती बेरीज 100च येणार, मोजणी कितीही चुकलेली असो. पाहायची ती त्याआधीची कच्ची बेरीज. नैसर्गिक वायूच्या विश्लेषणाच्या एएसटीएम डी1945 या मानकाप्रमाणे ती 100पासून 1 टक्क्याहून जास्त हटता कामा नये. हा रकाना रिपोर्टातून कधीही लपवू नका.

तेवढ्यानंही भागत नाही, हे मी अनुभवानं शिकलो. एकदा कॅरियर गॅसचा (नमुना उपकरणातून वाहून नेणाऱ्या वायूचा) दाब किंचित वाढला आणि नॉर्मल ब्युटेनचं पीक, म्हणजे आलेखावरचा त्याचा उंचवटा, तीन सेकंद अलीकडे आलं. मेथडमध्ये (सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये) पीक ओळखायची खिडकी होती ठरल्या वेळेच्या आगेमागे दोन सेकंदांची. स्क्रीनवर पीक चांगलं उंच दिसत होतं, फक्त त्यावर नाव नव्हतं, म्हणून तक्त्यात ब्युटेन शून्य. प्रमाण 0.9 टक्के, त्यामुळे कच्ची बेरीज 99.1, म्हणजे मर्यादेत! ब्युटेनचा वाटा नॉर्मलायझेशननं बाकीच्यांत वाटून टाकला. ब्युटेनची जळतानाची उष्णता रेणूमागे मिथेनच्या सव्वातीन पट, त्यामुळे रिपोर्टातला उष्मांक जवळपास पावणेदोन टक्के घसरला. गॅसचं बिल उष्मांकावर निघतं, तेव्हा ही घसरण थेट पैशांची. म्हणून आकड्यांआधी क्रोमॅटोग्राम (पीकांचा आलेख) पाहा, बिननावाची पीकं रिपोर्टात छापून घ्या आणि रिटेन्शन टाइम (पीक येण्याची वेळ) रोज कॅलिब्रेशन गॅसवर, म्हणजे घटकांचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या वायूवर, पडताळा.

ऑक्सिजन दिसला तर आधी सॅम्पल लाइनची जोडणी तपासा. पाइपलाइनच्या गॅसमध्ये तो सहसा नसतो. सोबत ऑक्सिजनच्या साधारण चौपट नायट्रोजन वाढला असेल तर हवा शिरली आहे.

कॅलिब्रेशनचा सिलिंडर थंडीत उघड्यावर पडला असेल तर जड हायड्रोकार्बन आत द्रवरूप होतात. तसाच वापरला तर सॉफ्टवेअर चुकीचे रिस्पॉन्स फॅक्टर (पीकवरून प्रमाण काढायचे गुणक) निमूटपणे साठवून घेतं. आधी तो नीट गरम होऊ द्या.

संदर्भ तापमानाकडे (ज्या तापमानाला उष्मांक धरायचा त्याकडे) तर कुणी पाहतच नाही. मिथेनचा उष्मांक 0 अंशांना घनमीटरमागे 39.84 मेगाज्यूल, 15 अंशांना 37.71. करारात कोणतं तापमान आहे ते वाचून सेटिंगमध्ये स्वतः टाका.

आणि बेसलाइन (पीकखालची पायारेषा) हातानं ओढावी लागलीच, तर ऑडिट ट्रेलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या बदलांच्या नोंदीत) कारण लिहा. 'पीक सुधारलं' हे कारण नव्हे. 'प्रोपेनच्या शेपटीवर आयसोब्युटेन चढलं' हे कारण.