बडोद्यात वातावरणशास्त्राचा कॅपस्टोन (अभ्यासक्रमाच्या शेवटचा प्रकल्प) करायला येणाऱ्यांसाठी

खोली बघायला गेलात की भाड्याच्या आधी एक विचारा: ऑगस्ट २०२४ मध्ये इथं पुराचं पाणी कुठवर आलं होतं? अकोटा, समा, फतेहगंज, कारेलीबाग, म्हणजे विश्वामित्री नदीच्या आसपासच्या भागांत या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नाही. लोक भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतात. तळमजला घेऊ नका, आणि ती उंची वहीत तारखेसह लिहून ठेवा. कॅपस्टोनची पहिली नोंद तीच.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथं आले आणि इथलीच झाले. महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुलं भेटली की त्यांना जे सांगते तेच लिहितेय. भाषेची काळजी नको. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बजार, रावपुरा या भागांत मराठी घरं आहेत, गणपती आपल्यासारखाच बसतो. तरी रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्या बेनशी मोडकंतोडकं का होईना, गुजरातीच बोला. फार लवकर जीव लावतात माणसं. जेवणाचा डबा सहज मिळतो, सेवउसळ रस्त्यावरच खावी.

आता मुख्य गोष्ट, विषय. बरेच जण ‘गुजरातमधील हवामान बदल’ असं काहीतरी मनात धरून येतात. एका सत्रात ते पेलत नाही, आणि पेललं तरी तुम्हाला काय येतं हे त्यातून दिसत नाही. ऊष्मागतिकी, वातावरणाची गतिकी, प्रारण, उपग्रह हे सगळं तुम्ही सुटंसुटं शिकलात. कॅपस्टोनमध्ये ते एकाच घटनेवर लावून दाखवायचं असतं. म्हणून घटना एकच घ्या, फार तर दोन शेजारी ठेवा. बडोद्याकडे अशी जोडी आहे.

पहिली ३१ जुलै २०१९ ची. एका दिवसात शहरावर जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. हवामान विभाग चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतो. हा त्याच्या दुपटीहून जास्त होता. दुसरी ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातली. एक अतितीव्र न्यूनदाब क्षेत्र (डीप डिप्रेशन, कमी दाबाभोवती फिरणारी वाऱ्यांची प्रणाली) मध्य भारतातून राजस्थान-गुजरातवर आलं, सौराष्ट्र-कच्छवर रेंगाळलं आणि ३० ऑगस्टला अरबी समुद्रात जाऊन ‘असना’ चक्रीवादळ झालं. जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्रणालीचं ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होणं फार विरळा. इथं पाऊस ओसरला तरी पाणी लगेच उतरलं नाही, कारण विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि वाटेत आजवाचा जलाशय आहे. शहरात किती पडला एवढ्यावर भागत नाही, वर किती पडला तेही बघावं लागतं.

इतके दिवस जमिनीवर राहूनही ते क्षेत्र विरलं का नाही? भिजून चिंब झालेल्या जमिनीचा वाटा किती, अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाफेचा किती, खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या फरकाचा किती? मान्सूनमधल्या अशा प्रणालींचा सर्वांत जोरदार पाऊस बहुधा केंद्राच्या नैऋत्येला पडतो. मग बडोदे त्या दिवसांत केंद्राच्या कुठल्या बाजूला होतं? एवढ्यावर एक प्रबंध उभा राहतो.

सर्वांत जास्त लक्ष घड्याळाकडे द्या. हवामान विभागाचा दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे ३१ जुलैच्या संध्याकाळी पडलेला पाऊस १ ऑगस्टच्या रकान्यात सापडेल. ईआरए-५ (निरीक्षणं आणि संगणकीय प्रारूप मिळून तयार केलेली जगभरच्या हवेची जुनी नोंद) चे आकडे तासागणिक, पण यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. शिवाय त्यातला पाऊस मीटरमध्ये असतो, मिलिमीटरमध्ये नाही. ही जुळणी केल्याशिवाय एकही आलेख काढू नका. ईआरए-५ ची चौकट पाव अंशाची, साधारण २५ ते २८ किलोमीटरची. शहरातल्या ढगफुटीसारख्या सरी तिच्यात पसरून पातळ होतात. आयमर्ग, म्हणजे उपग्रहांवरून काढलेलं पावसाचं मोजमाप, दर अर्ध्या तासाचं आणि दशांश अंशाचं आहे, सरींचा चढउतार तिथं पाहा. हवामान विभागाचा पाव अंशाचा दैनंदिन पाऊस १९०१ पासून आहे. ही घटना किती दुर्मीळ ते त्यावरून ठरवा.

फुगा सोडून घेतलेलं उच्च वातावरणाचं निरीक्षण जवळचं म्हणजे अहमदाबादचं, शंभर किलोमीटरवरचं. सकाळी साडेपाचचा टी-फाय ग्राम (उंचीनुसार तापमान आणि ओलावा दाखवणारा आलेख) संध्याकाळच्या बडोद्याची हवा सांगत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. केप (हवेला वर उसळायला उपलब्ध असलेली ऊर्जा) कमी दिसला म्हणून बिचकू नका. भर मान्सूनमध्ये हवेच्या स्तंभात एकूण वाफ किती आणि ती एकत्र कुठं येते, हे जास्त बोलतं.

डब्ल्यूआरएफ, म्हणजे हवामानाचं संगणकीय प्रारूप, चालवायचा मोह सगळ्यांना होतो. निरीक्षणांवरून घटनेची गोष्ट लिहून झाली नसेल, तर तो सुरूच करू नका.

पावसाळ्यात इथं असाल तर रोज सकाळी पुढच्या चोवीस तासांचा अंदाज टक्क्यांत लिहा. अंदाज आणि प्रत्यक्ष (पडला तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग म्हणजे ब्रायर गुण. ७० टक्के म्हणालात आणि पाऊस पडला तर तो ०.०९, नाही पडला तर ०.४९, जितका कमी तितका चांगला. हा गुण १९५० पासून वापरात आहे. महिन्याची सरासरी काढा आणि ‘कालच्यासारखंच आज’ या अंदाजाशी ताडून बघा. तोंडी परीक्षेत या तक्त्यावर प्रश्न आले की तुम्हाला बोलायला भरपूर असेल.

गुजरातचं हवामान केंद्र अहमदाबादला आहे. बडोद्याहून गाड्या दिवसभर असतात. जायच्या आधी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या आणि त्यात नेमक्या तारखा व नेमकी निरीक्षणं लिहा, नुसतं ‘माहिती हवी’ असं नको. नदीचे फोटो काळा घोड्याजवळच्या पुलावरूनच काढा. काठावर उतरायचं नाही, विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या वस्तीत येतात.