दोष गेमचा की डब्ब्याचा? जुन्या अ‍ॅक्शन गेमचा रिव्ह्यू लिहिण्याआधी

‘कॉन्ट्रा’ हा जुना गोळीबाराचा गेम अर्ध्यात अटकतो म्हणून गेमचे मार्क कापू नका. मे महिन्यात विदर्भातल्या खेड्यात तो अटकला, तर आधी डब्ब्यावर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, संशय घ्यायचा.

सुरुवात कॅसेटपासून. पिनांवर फुंकर मारायची सवय सोडा. तोंडाची वाफ बसून पिना हिरवट पडतात. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असतं, त्यात कापसाची काडी भिजवून पिनांच्या लांबीनं फिरवा आणि पाच मिनिटं वाळू द्या. तरी डाग राहिला तर खोडरबर, तोही हलक्या हातानं. पॉलिश पेपर लावला की वरचा मुलामा जातो आणि कॅसेट कायमची कामातून जाते.

मग वीज. बहुतेक डब्ब्यांना ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. पण अ‍ॅडॅप्टरच्या पिनेचा प्लस आत हवा की बाहेर, हे डब्ब्याच्या तळाशी पाहूनच पिन खुपसा. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर ९ चे ५ व्होल्ट करतो आणि उरलेल्या व्होल्टेजची उष्णता करून टाकतो. बाहेर ४४-४५ अंश असताना तो इतका तापतो की बोट ठेववत नाही, आणि तासाभरात चित्र गोठतं. त्याला उष्णता ओढून घेणारा पत्रा लावलेला नसेल तर अ‍ॅल्युमिनियमचा छोटा हीटसिंक स्क्रूनं बसवा. डब्बा कूलरच्या थेट झोतात ठेवणं हा उपाय नाही, ती ओली हवा पिनांवरच जाते. उलट त्रास व्होल्टेज पडल्यावर होतो. रेग्युलेटरला साधारण ७ व्होल्ट तरी आत यावे लागतात, त्याखाली गेलं की गेम आपोआप पहिल्या स्क्रीनवर. मल्टिमीटर लावायचा तो गेम चालू ठेवूनच. मोकळा अ‍ॅडॅप्टर बऱ्याचदा जास्त दाखवतो.

एलईडी टीव्ही असेल तर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते आणि ‘कंट्रोल ढिले’ असा खोटा शेरा लिहिला जातो. ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या गेमची बंदूक मात्र एलईडीवर चालतच नाही. तिला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीच लागतो.

आता टीकाकारांकडे वळू. अमेरिकी आणि जपानी मासिकांनी हे गेम ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या टीव्हीवर, खेळून मार्क दिले. आपल्याकडच्या पाल (आपल्या टीव्हीची जुनी पद्धत) डब्ब्यावर ५० हर्ट्झ असतात, म्हणजे बरेच गेम सुमारे १७ टक्के सावकाश चालतात. तिकडे ‘फार अवघड’ म्हटलेला गेम इथे जरा सोपा वाटेल, हे धरून चला. आकड्यांच्या पट्ट्याही वेगळ्या असतात. जपानच्या ‘फामित्सू’त चौघे प्रत्येकी १० पैकी मार्क देतात. ब्रिटनच्या ‘एज’नं १९९४ मध्ये ‘डूम’ या राक्षस मारायच्या गेमला १० पैकी ७ दिले, आणि राक्षसांशी बोलता आलं असतं तर, ही त्यातली हळहळ आजही थट्टेचा विषय आहे. त्यामुळे आकड्याआधी कारण वाचा.

स्वतः तपासताना ‘कॉन्ट्रा’ तीन जीवांवर खेळा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हा ३० जीवांचा कोड मारला तर कठीणपणावर बोलायचा हक्क गेला. गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात. हे डब्बे ज्याची नक्कल आहेत ते निन्टेन्डोचं मूळ यंत्रच एका आडव्या रेषेत आठच स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवतं, ही त्याची मर्यादा. ती गेमच्या खात्यावर लिहायची असेल तर ‘एवढे शत्रू एकाच ओळीत का आणले’ असं लिहा.

तिसऱ्या, धबधब्याच्या टप्प्यावर दोघांनी मिळून खेळाच. एक जण वर सरकला की स्क्रीन त्याच्यासोबत चढते आणि खाली राहिलेला मरतो. हा दोष मात्र डब्ब्याचा नाही, आणि मार्क कापायचेच असतील तर इथे कापा.