फाटलेल्या ओठाच्या बाळांच्या कॅम्पला यायचंय? आधी पाजायला शिका

सांगलीत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नोकरीला लागलेल्या मुली विचारतात, सुट्टीच्या दिवशी या कॅम्पला कशाला जातेस, आम्ही पण येऊ का. या ना, नक्की या. पण माझ्याकडून झालेली चूक आधी ऐका.

माझ्या पहिल्या कॅम्पला जतकडची एक ताई आली होती, तीन महिन्यांची मुलगी, तोंडावर पदर ओढलेला. वजन ३ किलो २००. ओठाच्या ऑपरेशनला बाळ किमान १० आठवड्यांचं, १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलोचं आणि हिमोग्लोबिन १० हवं, हे आपलं सगळ्यांचंच पाठ असतं, त्यामुळे मी फॉर्म भरला आणि म्हटलं, "ताई, वजन वाढवा, महिन्याने या." महिन्याने वजन ३ किलो १००! मी तिच्यावर चिडले. आमच्या सिनिअर सिस्टर एवढंच म्हणाल्या, "तिला पाजताना बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

तिने तिथंच पाजून दाखवलं. बाळ आडवं, साधी बाटली, दूध नाकातून बाहेर, पोरगी ठसकतीय, पाऊण तास हेच, मग दमून झोपली आणि आईला वाटलं पोट भरलं. ओठाबरोबर तोंडातली टाळूही फाटलेली असली की ओढच तयार होत नाही, बाळ चोखत राहतं पण पोटात काही जात नाही, आणि अर्ध्या तासावर पाजणं गेलं की प्यायलेलं बरंचसं त्या मेहनतीतच खर्च होतं. म्हणून टॉर्च घेऊन टाळू स्वतः बघा. नुसता ओठ असेल तर बाळ बऱ्याचदा अंगावर पिऊ शकतं, उगाच तोडू नका. टाळू असेल तर बाळाला उभट धरायचं, आईचं दूध काढून बोंडल्याने गालाच्या बाजूने थोडं थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, मधेमधे ढेकर काढायचा. आणि आईला तुमच्यासमोर करून दाखवायला लावा, "समजलं" म्हणाली तरी.

ती ताई पाजता पाजता म्हणाली, "गिराणात भाजी चिरली वो मी, सासूबाई रोज तेच म्हनत्यात." ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही, हे सासूला समोर बसवून सांगायचं, एकट्या सुनेला सांगून उपयोग नाही. ऑपरेशनच्या उपाशी राहण्याचंही तसंच, अंगावरचं दूध ४ तास आधी बंद, वरचं ६ तास, हे आजीलाही सांगा, नाहीतर रडतंय म्हणून पहाटे तीच पाजते.

फोटो आणि सर्टिफिकेटसाठी येणाऱ्यांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. शिकायचं तर जी सिस्टर आईशेजारी जमिनीवर बसते तिच्या मागे फिरा. भीती वाटेल, मला अजून वाटते, हात दोन-तीन कॅम्पमध्ये बसतो.

ऊसतोडीच्या कुटुंबांचे दोन नंबर घ्या, एक मुकादमाचा. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ती बीडकडे परत जातात आणि ओठ शिवलेल्या बाळाची टाळू तशीच राहते, तिचं ऑपरेशन बाळ साधारण ९ ते १८ महिन्यांचं असताना व्हायला हवं.

मी कशाला जाते म्हणाल तर माझ्यामुळे त्या पोरीचा एक महिना उपाशी गेला, म्हणून. तिचा ओठ झालाय, टाळू बाकी आहे. तिची आई दर महिन्याला फोन करून वजन सांगते, मी वहीत लिहून ठेवते. काल सांगितलं, ७ किलो २००.