सिगारेटवरील करवाढीचा परिणाम उत्पन्नगटानुसार कसा तपासावा

अर्थसंकल्पात सिगारेटवरील कर वाढला की पाकिटाची किंमत पाहून थांबू नये. टपरीवर सुट्ट्या सिगारेटचा भाव विचारावा, कारण कमी कमाईचा माणूस बहुधा पाकीट नव्हे, एकेक सिगारेट घेतो. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्ट्या विक्रीवर बंदी घातली, ती याचसाठी महत्त्वाची आहे.

नंतर वाढीव खर्चाची मासिक उत्पन्नाशी तुलना करावी. समजा, एक सिगारेट 15 रुपयांवरून 18 रुपयांना झाली आणि माणूस रोज पाच ओढतो, तर महिन्याला 450 रुपये जास्त जातात. 12,000 रुपये कमावणाऱ्याच्या उत्पन्नाचा हा पावणेचार टक्के वाटा आहे, तर लाखभर कमावणाऱ्याला तो अर्धा टक्काही नाही. म्हणूनच गरीब गटात सोडण्याचे किंवा कमी करण्याचे प्रमाण सहसा अधिक दिसते. मात्र जो सोडू शकत नाही, त्याच्या घरातील दूध-भाजीला कात्री लागते, हेही नोंदवावे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी विडीची. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 7.7 टक्के प्रौढ विडी, तर 4 टक्के सिगारेट ओढत होते. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर लागला, विडीवर नाही. त्यामुळे सिगारेटची विक्री घटली, एवढ्यावरून धूम्रपान घटले असे म्हणू नये; त्याच वस्तीत विडीचे बंडल किती खपते, तेही विचारावे.