डोनर, स्पॉन्सर की पेट्रन? नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

आमच्या वाचनालयाच्या इंग्रजी स्मरणिकेत एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं नाव 'स्पॉन्सर्स'च्या यादीत छापलं गेलं. बाईंनी पेन्शनमधून बालविभागासाठी पैसे दिले होते. "मी कसली जाहिरात केली?" एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही ओशाळलो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून यादी करण्याआधी पुढच्या क्रमाने जा.

पहिली पायरी : पैशांच्या बदल्यात काय दिलं, ते आधी लिहून काढा. काहीच दिलं नसेल तर ती व्यक्ती 'डोनर', म्हणजे आपला देणगीदार. फलक, जाहिरातीचं पान, कार्यक्रमाच्या नावाआधी कंपनीचं नाव असं काही ठरवून दिलं असेल तर 'स्पॉन्सर', म्हणजे प्रायोजक. आयपीएलच्या आधी 'टाटा' लागतं, ते प्रायोजकत्व.

इथे हमखास गोंधळ होतो : देणगीदाराचं नाव संगमरवरी पाटीवर कोरलं, मग तो प्रायोजक झाला का? नाही. 'वडिलांच्या स्मरणार्थ' ही पाटी कृतज्ञतेची असते, तिच्यातून कोणाचा धंदा वाढत नाही. जीएसटीच्या २०१९ च्या एका परिपत्रकातही हाच भेद मानला आहे : नुसतं आभारापुरतं नाव लावलं तर ती जाहिरातसेवा ठरत नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या पैशांतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव मिळालं. तरीही इंग्रजीत ते 'डोनर'च.

दुसरी पायरी : मदत एकदाची की पाठीशी उभं राहून केलेली, ते पाहा. कलावंताला किंवा संस्थेला जो आधार देतो, आपलं वजन तिच्यामागे उभं करतो, तो 'पेट्रन'. जुन्या वाचनालयांच्या सभासद-यादीत 'आश्रयदाते' असा वर्ग असतो, त्याला हाच शब्द. गायक अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी ठेवणारे शाहू महाराज त्यांचे 'पेट्रन'. मात्र दुकान, हॉटेल किंवा ग्रंथालयात येणाऱ्यांच्या संदर्भात 'पेट्रन' म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक किंवा वाचक. 'डिअर पेट्रन्स' अशी पाटी दिसली तर देणगीदार शोधू नका.

तिसरी पायरी : हा शब्द कोण वापरतंय, ते तपासा. 'बेनिफॅक्टर' म्हणजे ज्याने उपकार केले तो. हा शब्द उपकार झालेल्याच्या तोंडी शोभतो, देणाऱ्याने स्वतःला लावू नये. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याची अट होती. शिक्षणाचा खर्च उचलला म्हणून इथे 'स्पॉन्सर' हा शब्दही चालतो, कारण त्याला जाहिरातच लागते असं नाही. पण त्या शिक्षणाने काय घडलं ते सांगायचं असेल तर मी 'बेनिफॅक्टर'च लिहीन.

'फिलँथ्रॉपिस्ट', म्हणजे दानशूर, हा शब्द त्याहून व्यापक. एका देणगीने तो कोणी होत नाही. जमशेटजी जीजीभॉय यांचं मुंबईतलं जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा पाहिली की शब्दाचं माप कळतं. गल्लीतल्या मंडपासाठी अकरा हजार देणाऱ्याला तो लावू नका, 'डोनर' हाही मानाचाच शब्द आहे. वर्गणीतला वाटा उचलणारा तो 'काँट्रिब्युटर'. नफ्याच्या आशेने पैसे घालणारा 'इन्व्हेस्टर', त्याला या यादीत जागाच नाही.

शेवटची पायरी वाक्याची. 'कार्यक्रमाला स्पॉन्सर केलं' या मराठी सवयीने आपण 'स्पॉन्सर्ड टू द प्रोग्रॅम' लिहितो, तिथला 'टू' काढा. 'डोनेट' करताना मात्र रकमेनंतर 'टू' हवाच : 'डोनेटेड फाइव्ह थाउजंड रुपीज टू द लायब्ररी'. मग कच्ची यादी छापण्याआधी ज्याच्या त्याच्याकडे पाठवा. आमच्या शिक्षिकाबाईंनी पुढच्या अंकात 'डोनर'खाली स्वतःऐवजी आपल्या आईचं नाव घालायला सांगितलं.