न्यूट्रिनोत पीएचडी करणार असाल तर: माझे आठ महिने कुठे गेले

"एमएस्सी झाली, न्यूट्रिनोवर काम करायचंय, कुठला प्रयोग निवडू?" असे मेल मला अधूनमधून येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. ऑसिलेशन (न्यूट्रिनो हे क्वचितच कशाला धडकणारे सूक्ष्म कण प्रवासात आपला प्रकार बदलतात ते), मिक्सिंगचे कोन (हा बदल किती होतो ते ठरवणारे आकडे), वस्तुमानांची क्रमवारी (कुठला न्यूट्रिनो जड, कुठला हलका) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

आधी कडू ते सांगते. भारतातल्या मोठ्या डिटेक्टरच्या डेटावर पीएचडी करायचं मनात असेल, तर त्यावर आयुष्याची पाच वर्षं लावू नका. आयएनओला, म्हणजे भारतातल्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेला, 2015 च्या सुरुवातीला केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हा मी बारावीत होते. तमिळनाडूत थेणीच्या डोंगराखाली सुमारे 50,000 टन लोखंडाचा डिटेक्टर होणार, ही बातमी मी कापून वहीत चिकटवली होती. पुढे स्थानिकांचा विरोध, परवानग्यांचे खटले, तमिळनाडू सरकारचा नकार. ज्या देशात 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातल्या न्यूट्रिनोची नोंद झाली, तिथे हे लिहावं लागतं याचं मला आजही वाईट वाटतं. पण हात कामाला लावायचे असतील तर जागा आहेत. मदुराईला 85 टनांचा मिनी-आयकॅल आहे, त्याच नियोजित डिटेक्टरची छोटी प्रतिकृती. मुंबईत ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीपाशी इस्मरान आहे, प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) पट्ट्यांनी अँटिन्यूट्रिनो टिपण्याचा प्रयोग. अशा ठिकाणी केबल, हाय व्होल्टेज, गळका गॅस यांच्याशी झुंजलेलं पोर पुढे कुठेही अडत नाही.

बाहेरच्या प्रयोगांत कॅलेंडर आधी बघा, कीर्ती नंतर. चीनमधल्या जुनोने ऑगस्ट 2025 मध्ये डेटा घ्यायला सुरुवात केली. 20,000 टन द्रव सिंटिलेटर, अणुभट्ट्या सुमारे 53 किलोमीटरवर, आणि पहिल्या 59 दिवसांतच सौर पॅरामीटर (सूर्याच्या न्यूट्रिनोंशी निगडित ऑसिलेशनचे आकडे) आधीच्या सगळ्यांपेक्षा अचूक. जपानचं हायपर-कामिओकांदे 2028 च्या सुमारास सुरू व्हायचंय. अमेरिकेतल्या ड्यूनचा किरणपुंज (न्यूट्रिनोंचा झोत) त्याच्याही नंतर, 2031 च्या आसपास. आज ड्यूनमध्ये रुजू झालात, तर तुमच्या प्रबंधात ड्यूनचं ऑसिलेशन बहुधा नसेल. हार्डवेअर असेल, प्रोटोटाइप असेल, संवेदनशीलतेचा (पुढे काय आणि किती अचूक मोजता येईल याचा) अभ्यास असेल. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त गाईडने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

मी लांब पल्ल्याच्या एका प्रयोगात होते. म्यूऑन न्यूट्रिनो (न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांपैकी एक) निघतात, शेकडो किलोमीटर जातात, पलीकडे कमी दिसतात. ऑसिलेशन अंतर भागिले ऊर्जा यावर चालतं. अंतर पक्कं असतं: जपानच्या टी-टू-के साठी 295, अमेरिकेच्या नोव्हासाठी 810, ड्यूनसाठी 1300 किलोमीटर. सगळी गोम ऊर्जेत आहे. न्यूट्रिनोची ऊर्जा कोणीच मोजत नाही. आपण मोजतो तो टक्कर झाल्यावर उरलेला पसारा. न्यूट्रिनो अणुकेंद्रात शिरतो, म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि प्रोटॉन बाहेर येतात, दोघांची ऊर्जा मिळवली की झालं, असं शिकताना वाटतं. प्रत्यक्षात तयार झालेला पायॉन नावाचा कण कधी अणुकेंद्रातच गिळला जातो. कधी धडक एका न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) न बसता जोडीला बसते. न्यूट्रॉन बरीचशी ऊर्जा घेऊन निघून जातात आणि डिटेक्टरला पत्ता लागत नाही. मग 3 जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा न्यूट्रिनो तुमच्या हिस्टोग्रामवर 2.5 ला जाऊन बसतो.

किती घसरला हे कोण सांगतं? सिम्युलेशन. आणि सिम्युलेशनमध्ये अणुकेंद्राचं एक मॉडेल बसवलेलं असतं.

माझी फिटिंगची चौकट, म्हणजे डेटाशी सगळ्यात जुळणारे मिक्सिंगचे आकडे शोधणारा प्रोग्राम, तयार झाली तेव्हा मी तपासणी केली. सिम्युलेशनमधून बनावट डेटा काढला, त्यावर फिट चालवलं, टाकलेली उत्तरं जशीच्या तशी परत आली. दहादा केलं, दहाही वेळा आली. स्लाइड्स केल्या, मीटिंगमध्ये कौतुक झालं. माझ्या लक्षात आलं नाही की बनावट डेटा ज्या मॉडेलमधून काढला, तेच मॉडेल फिटमध्येही होतं. पेपर मीच काढला, मीच सोडवला आणि मीच तपासला. गणित बरोबर आहे एवढंच त्यातून सिद्ध झालं होतं. निसर्ग माझ्या मॉडेलसारखा नसेल तर काय, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

आठ महिन्यांनी एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतर ग्रुपमध्ये संशोधन करणारीने) अणुकेंद्राचं दुसरं मॉडेल वापरून बनावट डेटा दिला आणि म्हणाली, हा फिट कर. थीटा-23, मी मोजत होते तो मिक्सिंगचा कोन, सरकला. माझ्या सांगितलेल्या एररच्या बाहेर सरकला.

इथे जरा थांबून नीट समजून घ्या. किरणपुंज निघतो तिथे जवळच एक डिटेक्टर असतो, ऑसिलेशन व्हायच्या आधीचे न्यूट्रिनो मोजायला. "जवळचा डिटेक्टर आहे ना, चुका कटतील" हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. पुष्कळ चुका कटतातही, पण ही पूर्ण कटत नाही. जवळच्या डिटेक्टरला जिथे शिखर दिसतं, नेमका तिथेच दूरच्याला खड्डा दिसतो, कारण तिथले न्यूट्रिनो फ्लेवर (प्रकार) बदलून गेलेले असतात. खड्ड्याची खोली म्हणजेच मिक्सिंग. वरच्या ऊर्जेचे, मोजणीत खाली घसरलेले न्यूट्रिनो या खड्ड्यात येऊन पडतात आणि तो भरतात. जवळच्या डिटेक्टरमध्ये तेच घसरलेले न्यूट्रिनो मोठ्या शिखराखाली झाकले जातात. भर किती हे मॉडेलने चुकीचं सांगितलं, की खड्डा उथळ वाटतो आणि तुम्ही जाहीर करता की थीटा-23 हा 45 अंश, म्हणजे सगळ्यात जास्त मिक्सिंगचा, नाही. ऊर्जेची मोजणी किती नाजूक आहे याचा अंदाज नोव्हावरून घ्या: 2017 च्या निष्कर्षात 45 अंशांना 2.6 सिग्माने (सिग्मा म्हणजे निष्कर्ष किती पक्का याचं माप) नकार होता, पुढच्या वर्षी सिम्युलेशन आणि कॅलिब्रेशन सुधारल्यावर तो जवळजवळ विरला. त्यांनी तेही उघडपणे छापलं, याचा मला आदर वाटतो.

नवे प्रयोग म्हणूनच जवळच्या डिटेक्टरवर एवढा जीव ओततात. ड्यून तो किरणपुंजाच्या अक्षापासून बाजूला सरकवणार आहे. हायपर-कामिओकांदेचा पाण्याचा मधला डिटेक्टर विहिरीत वर-खाली होणार आहे. अक्षापासून जसं दूर जाल तसा ऊर्जेचा वर्णपट बदलतो, आणि मॉडेलवर भिस्त कमी होते. या कामाला "सपोर्टिंग" म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका. मला आज निवड करायची असती तर मी हेच घेतलं असतं.

त्या आठ महिन्यांचं काय झालं, हे विचाराल तर चौकट तशीच राहिली. तिच्यात तीन मॉडेल घातली, एरर जवळपास दुप्पट झाली, आणि प्रबंधातलं सगळ्यात टिकाऊ प्रकरण तेच ठरलं. तुमचेही महिने असे जातील. त्या काळात घरी फोन करणं सोडू नका. मी सोडलं होतं, आणि त्याचा त्रास फिटपेक्षा जास्त झाला.

सीनिअरचा मॅक्रो (तयार छोटा प्रोग्राम) कॉपी करून पहिला प्लॉट काढण्याबद्दल माझं मत कडक आहे: करू नका. रूट या आपल्या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक हिस्टोग्राम स्वतः भरा, दोन आठवडे गेले तरी चालतील. मी कॉपी केलेल्या मॅक्रोत एका कटमध्ये (कुठल्या नोंदी ठेवायच्या ते ठरवणाऱ्या अटीत) खरी ऊर्जा वापरलेली होती, जी फक्त सिम्युलेशनला माहीत असते. मशीन लर्निंगचे कोर्स नंतर करा. न्यूरल नेटवर्कही त्याच मॉडेलवर शिकतं आणि त्याच्याच खोडी उचलतं.

आणि गाईड. नावाजलेला गाईड मिळावा म्हणून मी दोन वर्षं थांबले होते, ते थांबणं वाया गेलं. मला शिकवलं त्या पोस्टडॉकने, जी माझी लॉगबुक उघडून वाचायची. ग्रुप निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांशी एकटं बोला. गाईडला एकच प्रश्न विचारा: शेवटच्या विद्यार्थ्याने बनावट डेटा कुठल्या मॉडेलमधून काढला होता? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. तो उठून प्रबंध शोधायला लागला, तर तिथे अर्ज करा.