पन्नाशीनंतर ज्युदो-कराटे? आधी पडायला शिका

पन्नाशी उलटल्यावर ज्युदो किंवा कराटेच्या वर्गाला जायचं ठरवलंत, तर लाथा मारायची घाई करू नका. आमच्या मते पहिला महिना पडण्याच्या सरावाला द्यावा. तोल गेला की माणूस आपसूक हात मागे टेकवतो, सगळं वजन मनगटावर येतं आणि हाड मोडतं. ती सवय घालवायची आहे.

मॅट साधारण 4 सेंटिमीटर जाड हवी. योगासनांची पातळ चटई इथे अजिबात चालत नाही. पाठीवर झोपा. हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं आपटत नाही. दोन्ही हात अंगापासून 30 ते 45 अंशांवर, तळवे खाली ठेवून कोपरापासून बोटांपर्यंत एकदम मॅटवर आपटा आणि त्याच क्षणी श्वास सोडा. हात खांद्याच्या रेषेत वर गेले तर खांदा दुखावतो. असे 10 फटके, दोनदा.

हे अंगवळणी पडलं की उकिडवे बसून मागे लोळा. आधी कुल्ले, मग कंबर, मग पाठ. पाठ गोल हवी, सपाट पडलात की दणका थेट मणक्याला. उभ्याने पडणं प्रशिक्षक समोर असतानाच.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सांधे आखडलेले असतात, तेव्हा 15 मिनिटं अंग गरम करून मगच मॅटवर या. हाडं ठिसूळ असतील, मानेचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.